डर्बीच्या तयारीचं शूटिंग: दोन कॅमेरे कशाला?

आम्ही कॅमेरे भाड्याने देतो. महालक्ष्मी रेसकोर्सवर रेसचे घोडे तयार करणाऱ्या ट्रेनर मंडळींवर माहितीपट करायला येणारे बहुतेक ग्राहक आमचं कोटेशन बघून एकच विचारतात, "एका कॅमेऱ्यात भागणार नाही का?" मुलाखती, तबेला, खरारा करणारा सईस, एवढं एका कॅमेऱ्यात आरामात भागतं. त्यासाठी आम्ही दुसरा सुचवतही नाही. अडतं ते पहाटेच्या गॅलपला, म्हणजे घोडा भरधाव पळवण्याच्या सरावाला.

रीटेकची सवय असलेले दिग्दर्शक इथे हमखास फसतात. घोडा समोरून निघून गेला, फोकस हुकला, की ट्रेनरला म्हणतात, "सर, एकदा परत पळवाल का?" कृपया हे विचारू नका. इंडियन डर्बी ही रेस चार वर्षांच्या घोड्यांची, 2400 मीटरची, साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. त्या एका दिवशी घोडा ऐन भरात यावा म्हणून महिनोन्महिने त्याच्या कामाचं माप ठरवलेलं असतं. जोराचं काम आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा; बाकी दिवस चालणं, ट्रॉट (दुडकी चाल), हलका कँटर (गॅलपपेक्षा संथ दौड). दमलेल्या घोड्याला लगेच पुन्हा ताणलं तर पुढच्या पायाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) जाऊ शकतो, आणि टेंडन गेला की सीझन गेला. 1943 पासूनची ही रेस पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणूनही जिंकली आणि ट्रेनर म्हणूनही. अशा जाणत्यांच्या धंद्यात आपण रीटेक मागायचा म्हणजे जरा जास्तच होतं. ट्रेनर बिनसला तर तबेल्याचं दार बंद, आणि पुढच्या गॅलपपर्यंत युनिट नुसतं बसून. ते भाडं दुसऱ्या कॅमेऱ्यापेक्षा महाग पडतं.

शेवटचे 600 मीटर घोडा चाळीसेक सेकंदांत संपवतो. पहिला कॅमेरा लांब लेन्स लावून रेलिंगपाशी, घोड्यावर. दुसरा फक्त ट्रेनरवर: घोडा 600 मीटरच्या खुणेच्या खांबाशी आला की स्टॉपवॉचवर दाबलेला अंगठा, आवळलेले ओठ. घोडा परतला की ट्रेनर वाकून पुढच्या पायावरून सावकाश हात फिरवतो, कुठे ऊब, म्हणजे दुखापतीची खूण, लागते का बघतो. बोलत काहीच नाही. आमच्या मते माहितीपट खरा तिथे असतो, आणि एकट्या कॅमेऱ्याचा माणूस त्या वेळी सामान उचलून धावत असतो.

रात्रीचा दाणा घोड्याने संपवला का, हे ट्रेनर सकाळी आवर्जून विचारतो. रिकामी गव्हाण जरूर टिपा. तिला एक कॅमेरा पुरे.

रेसकोर्सच्या क्लबची परवानगी आणि ट्रेनरचा होकार दोन्ही तुम्ही आधी घ्यायचे. फ्लॅश आणि ड्रोन आम्ही देत नाही, घोडे बुजतात. शूटिंगची सुरुवात पुण्यातल्या रेसच्या पावसाळी सीझनपासून करणार असाल तर कॅमेऱ्याची बॅग रात्री एसीच्या खोलीत ठेवू नका. थंड लेन्स दमट हवेत काढली की वाफ धरते, आणि "लेन्स खराब दिली" असा फोन आम्हाला येतो. लेन्स ठणठणीत असते.

ट्रॅकवर्क, म्हणजे ट्रॅकवरचा सराव, सकाळीच आटोपतं, म्हणून दुसरा कॅमेरा ऑपरेटरसकट अर्ध्या दिवसाच्या दरात देतो. सामान आदल्या संध्याकाळीच न्यावं. पहाटे चारला दुकान उघडत नाही. जानेवारीच्या तारखा डिसेंबरातच भरतात, तेव्हा गॅलपचा दिवस ट्रेनरकडून कळला की लगेच फोन करा.