खरा विश्वास आणि समर्पण : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

खरा विश्वास म्हणजे नुसते मान्य करणे, की स्वतःला देवाच्या हाती सोपवून तसे वागणेही, हा ख्रिस्ती धर्मातला जुना वाद. १५६३ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात ख्रिस्ती धर्मशिक्षणाची एक प्रश्नोत्तरी छापली गेली. पॅलॅटिनेट संस्थानाचा अधिपती तिसरा फ्रेडरिक याने ती करवून घेतली. लिखाणात मुख्य हात झकारियास उर्सिनसचा. प्रश्न एकूण १२९. वर्षाच्या ५२ रविवारांत ते वाटून दिले होते, म्हणजे मंडळीतल्या प्रत्येकाच्या कानावरून वर्षातून एकदा सगळे जावेत. एकविसावा प्रश्न आडवळण न घेता विचारतो : खरा विश्वास म्हणजे काय? देवाने आपल्या वचनात जे प्रकट केले ते सर्व खरे मानणे, हे उत्तराचे पहिले अंग. पण तेवढ्यावर भागत नाही. पापांची क्षमा इतरांनाच नव्हे तर मलासुद्धा, केवळ कृपेने, ख्रिस्तामुळे मिळाली आहे असा मनापासूनचा भरवसा हवा. सगळा भार त्या ‘मलासुद्धा’वर आहे. आणि या प्रश्नोत्तरीची सुरुवातच समर्पणाने होते. जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता, या पहिल्या प्रश्नाला उत्तर येते : मी माझा स्वतःचा नाही, शरीराने आणि आत्म्याने मी येशू ख्रिस्ताचा आहे.

प्रॉटेस्टंट ईश्वरशास्त्रज्ञांनी हीच मांडणी ज्ञान, संमती आणि भरवसा अशा तीन घटकांत पक्की केली. काय सांगितले आहे ते कळणे, ते खरे आहे हे मान्य करणे, आणि त्यावर स्वतःला टाकणे. पहिले दोन घटक असून तिसरा नसेल तर काय उरते, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्राने फार आधीच बोचऱ्या शब्दांत सांगून ठेवले आहे : देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. समर्पण हे या तिसऱ्या घटकाचेच चालते-बोलते रूप. विश्वास वेगळा आणि समर्पण ही त्यापुढची वरची पायरी, असे पुष्कळदा शिकवले जाते. जुन्या मांडणीत तशी दोन मजल्यांची इमारत नाही.

वादाचे मूळ अब्राहामाच्या कथेत आहे, आणि तिथे प्रसंगांचा क्रम महत्त्वाचा. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात अब्राहाम देवाच्या अभिवचनावर विश्वास ठेवतो आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असे गणले जाते. सुंतेची आज्ञा येते १७व्या अध्यायात. मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी मोरियाच्या डोंगरावर नेण्याची कसोटी तर थेट २२व्यात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल याच क्रमावर बोट ठेवतो : नीतिमान ठरला तेव्हा अब्राहामाची सुंता झालीच नव्हती, मग कर्मकांडाने तो नीतिमान ठरला असे कसे म्हणता? याकोब मात्र २२व्या अध्यायापासून सुरुवात करतो आणि तिथून मागे १५व्याकडे पाहतो. वेदीवर मुलगा ठेवला तेव्हा तो विश्वास पूर्ण झाला. कृतीविना विश्वास निर्जीव आहे. दोघे दाखला देतात ते वचन एकच, पण पौलाला विचारायचे आहे की विश्वास कशाने सुरू होतो, आणि याकोबाला तो खरा कशावरून. हे ध्यानात न घेता दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा उद्योग शतकानुशतके चालला. प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रणेता मार्टिन ल्यूथर यानेही नव्या कराराच्या आपल्या जर्मन अनुवादाच्या १५२२च्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हणून हिणवले.

समर्पणाचा नमुना म्हणून ख्रिस्ती परंपरा गेथशेमाने बागेकडे पाहते, जिथे येशूने आपल्या मरणाच्या आदल्या रात्री प्रार्थना केली. तिथली प्रार्थना दोन भागांची आहे, आणि घाईत पहिला भाग गाळला जातो. ‘हा प्याला माझ्यावरून टळून जावो’ ही मागणी आधी आहे, ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे नंतर. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना तीनदा होते. म्हणजे इच्छा नसणे हे समर्पण नव्हे. इच्छा देवापुढे उघड मांडून मग ती त्याच्या हाती देणे, हे समर्पण. उलट बाजूचा नमुनाही मत्तयातच, चौथ्या अध्यायात आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत तुला झेलतील, असे सैतान स्तोत्रसंहितेचा दाखला देऊन सांगतो. दिसायला हा पराकोटीचा भरवसा. येशू त्याला देवाची परीक्षा पाहणे म्हणतो आणि नकार देतो. आजारात औषध नाकारून त्यालाच विश्वास म्हणणाऱ्या पंथांचा प्रश्न याच शिखरावर उभा असतो. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या ‘पिक्यूलिअर पीपल’ या पंथात आजारी मुलांना डॉक्टरकडे नेत नसत, आणि अशाच एका बापाला इंग्लंडमधल्या कोर्टाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरवले.

बायबलच्या काळानंतरच्या शतकांत आधी हा प्रश्न उभा राहिला की विश्वास मुळात येतो कुठून. माणूस स्वतःच्या जोरावर देवाकडे वळू शकतो, असे पेलाजियस या संन्याशाचे म्हणणे; वळण्याची इच्छासुद्धा कृपेचीच देणगी, हे उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याचे. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचे मत फेटाळले. सोळाव्या शतकात ल्यूथरने माणूस ‘केवळ विश्वासाने’ नीतिमान ठरतो ही घोषणा दिली, आणि रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंट परिषदेच्या सहाव्या बैठकीत, १३ जानेवारी १५४७ रोजी, १६ प्रकरणे आणि ३३ नियमांचा ठराव करून तिला उत्तर दिले. ठरावाचा रोख असा, की विश्वास हा तारणाचा पाया आहे, पण आशा आणि प्रीती त्याला जोडल्या नाहीत तर तो माणसाला ख्रिस्ताशी पुरता एकरूप करत नाही.

त्याच काळात येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने समर्पणाची शिस्तच बांधून दिली. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ सालची. साधारण ३० दिवस, चार ‘आठवडे’, दिवसाला बहुधा पाच वेळा तासभराचे मनन, त्यातले एक मध्यरात्री. ‘प्रभो, माझे स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी आणि इच्छा घे’ ही सर्वस्व अर्पण करणारी प्रार्थना अगदी शेवटी येते. आधी पापांचा हिशेब, मग ख्रिस्ताचे जीवन, दुःखसहन आणि पुनरुत्थान यांवरचे मनन. त्या प्रार्थनेच्या तोंडाशीच सूचना आहे की प्रीती शब्दांपेक्षा कृतीत दिसावी. मार्गदर्शकाला दिलेली ताकीद तर आजच्या शिबिरांच्या भिंतीवर लावावी अशी : साधक आनंदाच्या भरात असेल तेव्हा त्याला घाईने व्रत घेऊ देऊ नये. आणि मन कोरडे पडले असेल तेव्हा आधी केलेला निश्चय बदलू नये. इग्नेशियसच्याच येशूसंघाचे थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले.

समर्पणातून कर्तेपणा पार काढून टाकला की काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे मिगेल दे मोलिनोस. या स्पॅनिश पाद्रीचे पुस्तक १६७५ साली रोममध्ये निघाले आणि हातोहात खपले. त्याची शिकवण अशी, की आत्म्याने पूर्ण निष्क्रिय व्हावे. स्वतः काही करू पाहणे हाच देवाचा अपमान. पूर्ण समर्पित माणसाने देवाकडे काही मागू नये, आभारही मानू नयेत, मोहाला अंगच्या बळाने विरोध करू नये. शेवटचे कलम घातक ठरले, कारण मग देहाकडून जे घडेल त्याचा दोष सैतानावर टाकता येतो. १६८७ मध्ये अकराव्या इनोसंट पोपने त्याची ६८ विधाने निषिद्ध ठरवली. मोलिनोस १६९६ साली कैदेतच वारला. गेथशेमानेतली मागणी त्याच्या व्यवस्थेत बसतच नव्हती, हे एकच माप लावले असते तरी पुरे होते.

मेथॉडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने उलट टोकाची, म्हणजे अगदी हिशेबी वाट धरली. ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनमध्ये त्याने कराराची, म्हणजे देवाला स्वतःला वाहून देण्याचा करार करण्याची, उपासना घेतली आणि सुमारे १,८०० लोकांनी उभे राहून संमती दिली. मजकूर रिचर्ड अ‍ॅलीन या प्युरिटन पाळकाचा. त्यातल्या सूचना अशा : एकांतात देवापुढे पुरेसा वेळ काढा, अटी नीट समजून घ्या, स्वतःच्या ताकदीवर विसंबू नका, आणि करार मनात ठेवून थांबू नका, तोंडाने बोला, कागदावर लिहा. मेथॉडिस्ट मंडळ्यांत नव्या वर्षाच्या आरंभी ही उपासना अजून होते. दरवर्षी नव्याने, कारण एकदा दिलेले मन माणूस हळूच परत घेतो.

मराठी मुलखात या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट नोंद पंडिता रमाबाईंची आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्म बुद्धीला पटला होता. स्वतःच्या प्रयत्नांची आशा सोडून तारणाऱ्याला बिनशर्त शरण जाणे आठएक वर्षांनी घडले. हायडेलबर्गच्या भाषेत सांगायचे तर ज्ञान आणि संमती आधीच होती, ‘मलासुद्धा’ नंतर आले. या शरणागतीने त्या हात जोडून बसल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेची मोठी जागृती झाली, त्याच आवारात विणकाम, शेती आणि छापखानाही होता, आणि त्यांनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली तिथेच छापून निघाला.

रोमन कॅथलिक बाजूने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५च्या दस्तऐवजात विश्वासाची व्याख्या करताना संमतीआधी समर्पण ठेवले : माणूस स्वतःला संपूर्णपणे आणि मोकळेपणाने देवाच्या हाती सोपवतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये ल्यूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी माणूस नीतिमान कसा ठरतो याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. नीतिमान ठरवणारा विश्वास म्हणजे देवाच्या अभिवचनावरचा भरवसा, त्यात आशा आणि प्रीती सामावलेल्या आहेत, आणि तो कृतीत उतरल्याशिवाय राहत नाही, असे तिथे मान्य झाले. मेथॉडिस्ट २००६ मध्ये आणि हायडेलबर्गच्या परंपरेतल्या रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये तिच्यात सामील झाल्या. विश्वास धरणारा माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, या ल्यूथरच्या वाक्यावर मात्र एकमत सहजासहजी जमेना. त्यासाठी घोषणेला स्वतंत्र पुरवणी जोडावी लागली.