बंद पॉवर बँक आणि तीस टक्क्यांचा नियम

दिवाळीच्या आधी परदेशी फराळ पाठवणाऱ्या कुरिअरच्या काउंटरवर एक वाद हमखास होतो. चकली-चिवड्याच्या खोक्यात कुणीतरी भाच्यासाठी पॉवर बँक सरकवलेली असते. काउंटरवरचा मुलगा ती बाहेर काढायला सांगतो आणि पाठवणारे काका म्हणतात, "अरे, बंद आहे ती! त्यात काय होणार?"

बटण बंद केलं की बाहेर जाणारी वीज थांबते. आतली रसायनं होती तशीच राहतात, आणि घोर आहे तो त्यांचाच.

लिथियम-आयन बॅटरीत दोन पातळ पत्रे गुंडाळलेले असतात. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूच्या ऑक्साइडचा थर, तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा. दोहोंमध्ये केसाहूनही बारीक प्लास्टिकचा पडदा, आणि हे सगळं एका ज्वालाग्राही सेंद्रिय द्रावणात भिजलेलं. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत ग्रॅफाइट लिथियमने ठासून भरलेलं असतं. ते द्रावणावर लगेच तुटून पडत नाही याचं कारण दोघांच्या मध्ये आपोआप तयार झालेला एक संरक्षक लेप. पलीकडे ऑक्साइडमधून बरंचसं लिथियम निघून गेल्याने त्याची रचना डळमळीत झालेली असते आणि त्यातला ऑक्सिजन सुटायला टपलेला असतो.

आता अशा बॅटरीला कुठेतरी चेप बसला, किंवा कारखान्यातूनच धातूचा एखादा कण आत राहिला. एका ठिकाणी शॉर्टसर्किट होऊन तापमान वाढतं. शंभर अंशांच्या आसपास तो लेप विघटित होऊ लागतो, लिथियम आणि द्रावण यांची क्रिया सुरू होते आणि आणखी उष्णता निर्माण होते. पडदा पॉलिइथिलीनचा असेल तर १३० अंशांच्या सुमारास वितळतो, दोन्ही बाजू भिडतात. दोनशेच्या आसपास ऑक्साइड ऑक्सिजन सोडू लागतं. म्हणजे इंधन आत, ठिणगी आत आणि ऑक्सिजनही काही प्रमाणात आतलाच.

यातली खरी मेख गणितात आहे. बाहेर जाणारी उष्णता तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात, सरळ रेषेत वाढते. रासायनिक क्रियेतून निर्माण होणारी उष्णता मात्र घातांकी वाढते. या दोन आलेखांचा छेदबिंदू ओलांडला की परतीचा रस्ता नाही. ओलसर गवताची गंजी आतून पेटते ती याच हिशेबाने, फक्त गंजीला कित्येक दिवस लागतात आणि बॅटरीला काही सेकंद पुरतात. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. विमानाच्या मालकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा विझवतो, पण सेल थंड करत नाही. साखळी चालूच राहते, आणि बाहेर पडणारे हायड्रोजनसारखे वायू कोंडून स्फोटाची भीती वेगळीच.

३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस या अमेरिकी कुरिअर कंपनीचं मालवाहू बोईंग ७४७ दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघालं आणि थोड्याच वेळात मालकक्षात आग लागल्याचा इशारा आला. कॉकपिट धुराने इतकं भरलं की वैमानिकांना समोरची उपकरणं दिसेनात. विमान दुबईजवळ कोसळलं, दोघेही वैमानिक गेले. मालात ८० हजारांहून जास्त लिथियम बॅटऱ्या होत्या. त्यातल्या किमान तीन खेपा धोकादायक माल म्हणून जाहीर करायला हव्या होत्या. तशा त्या केलेल्या नव्हत्या.

१ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियम असा आहे: सुटी, म्हणजे उपकरणात किंवा उपकरणासोबत नसलेली, लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून जाणार नाही. मालवाहू विमानातून जाईल, पण चार्ज ३० टक्क्यांच्या वर नको. पॉवर बँक सुट्या बॅटरीतच मोडते; धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तिचा क्रमांक यूएन ३४८०. तीस टक्क्यांना ग्रॅफाइटमध्ये लिथियम थोडं, ऑक्साइड बऱ्यापैकी भरलेलं, म्हणून ते स्थिर. एखादा सेल बिघडलाच तरी शेजारचा पेटण्याइतकी उष्णता सहसा निघत नाही. मग शून्यच का नाही? सेल फारच रिकामा झाला की तांब्याचा पत्रा द्रावणात विरघळू लागतो, आणि पुढे चार्ज करताना तेच तांबं नको तिथे साचून शॉर्टसर्किट घडवतं. मला हा नियम फार आवडतो. रसायनशास्त्र इतकं थेट टक्केवारीत उतरलेलं क्वचितच दिसतं.

काही हुशार लोक वस्तू कार्बन पेपरमध्ये गुंडाळतात, म्हणे एक्स-रे यंत्राला दिसत नाही. कार्बनचा अणुक्रमांक अवघा ६. एक्स-रे अडवायला शिशासारखी जड मूलद्रव्यं लागतात. कार्बन पेपर एक्स-रेसाठी असून नसल्यासारखा. अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळणारे तर आणखी पुढचे, कारण उघड्या टोकांना फॉइल लागलं की शॉर्टसर्किट घरबसल्या तयार.

सरळ मार्ग काय? देशातल्या देशात पाठवायची असेल तर आत बॅटरी आहे हे आधी सांगा आणि रस्त्याने जाणारी सेवा मागा. टोकांवर चिकटपट्टी लावा, बॅटरी खोक्यात हलणार नाही अशी बसवा. विमानाने पाठवायची तर यूएन ३८.३ या वाहतूक-सुरक्षेच्या चाचण्या उत्तीर्ण झालेली बॅटरी, ठरलेलं खोकं, लेबल आणि प्रशिक्षित माणसाच्या सहीचा जाहीरनामा लागतो. भारतात यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची देखरेख असते. हे घरगुती पाठवणाऱ्याच्या आवाक्यातलं नाही. त्यापेक्षा कुणी जाणारं असेल तर हातातल्या बॅगेतून न्यायला सांगा. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा चालते. २०,००० मिलीअँपिअर-तासांची ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तास भरते. चेक-इन सामानात मात्र नाही. केबिनमध्ये धूर आला तर कुणाला तरी दिसतो आणि पाणी ओतून सेल थंड करता येतो.

आणि फुगलेली बॅटरी असेल तर ती माल म्हणूनही नाही आणि हातातल्या बॅगेतूनही नाही. ती गावातल्याच ई-कचरा संकलन केंद्रात द्यायची.