हायब्रिड बी आणि सरळ वाण: गोंधळ नेमका कुठे होतो

‘हायब्रिडचं बी उगवतच नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. भाजीत चिरलेल्या हायब्रिड टोमॅटोच्या चार बिया समोरच्याच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, पेरा, दहा दिवसांनी सांगा. उगवतात.

दुसरी तक्रार याच्या बरोबर उलट असते. ‘पाकिटावर हायब्रिड लिहिलेलं नव्हतं, म्हणून विश्वासाने बी धरलं, म्हणजे आपल्याच फळातलं बी पुढच्या पेरणीला ठेवलं, आणि वेलीला भलतंच काहीतरी लागलं.’ पहिल्याला हायब्रिड कळलेलं नाही, दुसऱ्याला सरळ वाण कळलेलं नाही. बियाण्याचे पैसे वाचवू पाहणाऱ्या घराला महागात पडते ती ही दुसरी चूक. बी फुकट मिळतं, पण माती, पाणी आणि तीन महिने फुकट नसतात.

हायब्रिड, म्हणजे संकरित, बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून दोन ओळींत उरकतो. दोन वेगवेगळे, आतून एकजिनसी केलेले जनक घ्यायचे, त्यांचा संकर करायचा, आणि त्या संकरातून आलेलं पहिल्या पिढीचं बी विकायचं. पाकिटावरचं ‘एफ-१’ ते हेच. झाडं एकसारखी, जोमदार. तशीच झाडं पुन्हा हवी असतील तर दरवर्षी तोच संकर नव्याने करावा लागतो, म्हणून बीही दरवर्षी विकत. सरळ वाणात हा खटाटोप नसतो. अनेक पिढ्या निवड करून ते स्थिर झालेलं असतं, आणि त्याचा आपापसातच संकर झाला तर पुढची पिढी आईबापासारखीच निघते. पाकिटावर ‘सरळ’, ‘सुधारित’ किंवा ‘ओपी’ (ओपन पॉलिनेटेड, म्हणजे खुल्या परागणाचं) असं काहीतरी असतं.

बाकीचे शब्द या वादात उगाच घुसतात. ‘सेंद्रिय’ म्हणजे बी कसं पिकवलं ते. संकरित बीसुद्धा सेंद्रिय असू शकतं. ‘देशी’ आणि ‘गावठी’ हे पाकिटावर छापायला सोपे शब्द आहेत, त्यावरून वाणाविषयी खात्री काहीच मिळत नाही. सरळ वाण परवा तयार केलेलंही असू शकतं. गुलाबी-निळ्या रंगाच्या बिया बघून ‘हे हायब्रिड’ म्हणणारे भेटतात. तो रंग बुरशीनाशक लावलंय हे कळावं म्हणून दिलेला असतो. अशा बिया खाऊ नका, हात धुवा, एवढाच त्याचा अर्थ. आणि संकरित म्हणजे जनुक बदललेलं नव्हे, हे आता पाठ करून टाका. संकर म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर. ते काम मधमाशीही करते.

‘उगवतच नाही’ ही समजूत बहुधा ‘टर्मिनेटर’ बियाण्यावरून आली असावी. पुढच्या पिढीचं बी वांझ करणाऱ्या त्या तंत्राला १९९८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, जगभर गदारोळ झाला, आणि ते बी कधी बाजारात आलंच नाही. तुमच्या पाकिटातल्या हायब्रिडचा त्याच्याशी संबंध नाही. खरोखर वांझ निघणारी हायब्रिडं आहेत, उदाहरणार्थ बिनबियांचं कलिंगड, पण त्याचं बी धरायचा प्रश्नच येत नाही.

मग हायब्रिडचं बी धरलं तर होतं काय? जनकांचे गुण विखुरतात. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या झाडांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळी उंच निघाली. त्यांचं बी पेरल्यावर १०६४ झाडांपैकी ७८७ उंच आणि २७७ बुटकी, म्हणजे साधारण चारात तीन उंच. त्याचा हा निबंध १८६६ सालचा आहे, त्यामुळे बातमी ताजी नाही. आणि हा हिशोब एकाच गुणाचा झाला. हायब्रिडमधले असे दहा प्रबळ गुण (उंचीसारखे, पहिल्या पिढीत सगळ्या झाडांत दिसणारे) स्वतंत्रपणे सुटे होत असतील, तर दहाही गुण दाखवणारी झाडं शंभरात पाच-सहाच. तुमच्याकडे कुंड्या किती? सहा असतील, तर तो जुगार आहे. टोमॅटो लागतील, खाताही येतील, पण कुठलं झाड कसं निघेल ते सांगता येणार नाही. मला हा जुगार एका कुंडीपुरता आवडतो. सहाच्या सहा कुंड्यांत नाही.

आता मूळ मुद्दा. लोक ‘सरळ वाण’ या शब्दाचा अर्थ ‘बी धरलं तरी चालतं’ असा घेतात. हे अर्धंच खरं आहे. वाण सरळ आहे की संकरित, हा पाकिटातल्या बीचा प्रश्न. तुम्ही धराल ते बी तसंच निघेल का, हा तुमच्या बागेतल्या फुलाचा प्रश्न. त्या फुलावर पराग कुणाचा पडला, ते पाकिटाला माहीत नसतं. ‘आपापसातच संकर झाला तर’ असं वर लिहिलंय. सगळी गोम त्या ‘तर’मध्ये आहे.

काही फुलं हा प्रश्न स्वतःच सोडवतात. टोमॅटो, वाटाणा, घेवडा आणि लेट्यूस (सॅलडची पानं) यांच्यात बहुतेकदा फूल नीट उमलायच्या आतच त्याचाच पराग त्याच्यावर पडून मोकळा होतो. शेजारी दुसरं वाण असलं तरी फारसं बिघडत नाही. इथे सरळ वाण घेतलं की एका पाकिटावर वर्षानुवर्षं निघतात. एका मोठ्या टोमॅटोत शंभरेक बिया सहज असतात, तेव्हा दरवर्षी सरळ टोमॅटोचं पाकीट विकत घेणाऱ्याला काय म्हणावं मला कळत नाही.

मिरची मधल्या गटातली. स्वतःच्या परागावर तिचं भागतं, पण फूल उघडं असतं आणि माशी येते. तिखट मिरची आणि भोपळी मिरची या बहुतेक वेळा एकाच जातीच्या असतात, म्हणून त्यांचा संकर होतो. दोन्ही शेजारी लावून भोपळी मिरचीचं बी धरलं, तर पुढच्या वर्षी ‘भोपळी’ मिरची जिभेला चटका देऊ शकते. उपाय सोपा आहे. फांदीवर कळ्या असतानाच पातळ कापडाची पिशवी बांधा, फळं धरली की पिशवी काढा आणि त्याच फळांना दोरा बांधून ठेवा.

आणि मग भोपळा, झुकिनी, काकडी, म्हणजे वेलवर्गीय मंडळी. यांच्यात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आणि मधमाशीशिवाय काही होत नाही. बियाणं तयार करणारे लोक यांच्या दोन वाणांमध्ये शेकडो मीटरचं अंतर ठेवतात. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या गच्चीत तेवढं अंतर नसतं. तुम्ही एकच वाण लावलंय म्हणून निर्धास्त असता, आणि मधमाशी शेजारच्या झुकिनीवरून उठून येते. वाण सरळ, पाकीट सरळ, तुम्ही सरळ, आणि बी मात्र संकरित. तेही असं की त्याचा बाप कोण ते कुणालाच माहीत नाही.

इथेच एक जुनी अफवा निस्तरतो. ‘शेजारी कारलं लावलं म्हणून काकडी कडू झाली.’ नाही. कारलं आणि काकडी यांचा संकर होत नाही. काकडीचा खरबुजाशीही होत नाही. शिवाय यंदा लागलेल्या फळाचा गर आईच्या झाडाचा असतो, बापाचा परिणाम फक्त आतल्या बीमध्ये जातो आणि पुढच्या वर्षी दिसतो. (मका अपवाद. तिथे आपण खातो तो दाणाच मुळी पुढची पिढी असतो, म्हणून परक्या परागाचा परिणाम त्याच कणसात दिसतो.) यंदाची काकडी कडू असेल तर पाण्याची ओढ, उन्हाचा ताण, नाहीतर वाणच तसं.

पुढच्या वर्षीचा कडूपणा मात्र गमतीचा नाही. शोभेचे छोटे भोपळे आणि झुकिनी यांचा संकर झाला, तर पुढच्या पिढीत कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष परत येऊ शकतं. ते शिजवून जात नाही. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला. तेव्हा घरच्या बियाण्याच्या भोपळ्याचा किंवा झुकिनीचा कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ फेका. ‘मीठ लावून कडूपणा जाईल’ असं म्हणू नका.

भोपळ्याचं बी धरायचंच असेल तर मधमाशीच्या आधी तुम्ही पोहोचा. मादी फुलाखाली इवलंसं फळ असतं, नराखाली नुसता देठ. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी टोकाला पिवळी पडते. एक मादी आणि दोन नर कळ्यांची टोकं दोऱ्याने बांधा. सकाळी लवकर नर फूल तोडून पाकळ्या काढा, मधला परागाचा दांडा मादी फुलात नीट फिरवा आणि मादी फूल पुन्हा बांधून टाका. खुणेसाठी देठाला रंगीत लोकर बांधा. फळ पूर्ण जून होईपर्यंत वेलीवर ठेवा. एका फळात चार-पाच वर्षांचं बी निघतं. भोपळ्याची फुलं मोठी म्हणून हे जमतं. काकडीच्या फुलाशी ही झटापट मी दोनदा केली आणि सोडून दिली.

मका, पालक, कांदा, गाजर यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बी विकत घ्या. मका आणि पालक वाऱ्यावर पराग उधळतात. कांदा आणि गाजर बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतात, तोवर कुंडी अडते. मक्याचं बी चार-पाच झाडांवरून धरत राहिलात तर दोन-तीन पिढ्यांत झाडं खुरटतात, त्याला शे-दीडशे झाडं लागतात. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत मरतं. एवढ्या उठाठेवीत काटकसर कसली?

म्हणून हायब्रिडवर माझा राग नाही. ज्याचं बी मी धरणारच नाही, तिथे जोमदार हायब्रिड घेतो आणि त्याचं वाईट वाटून घेत नाही. टोमॅटो, घेवडा, वाटाणा आणि मिरची मात्र सरळच. आणि हायब्रिड टोमॅटो फारच आवडला, तर बी विसरा. पान आणि खोडाच्या बेचक्यातला वीतभर फुटवा तोडून पाण्यात ठेवा, आठ-पंधरा दिवसांत मुळं येतात. ते झाड हुबेहूब पहिल्यासारखं, कारण ते तेच झाड असतं. रोगट झाडाचा फुटवा तेवढा घेऊ नका, विषाणू सोबत येतो.

धरलेलं टोमॅटोचं बी गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवा, धुवा, सावलीत वाळवा. कागदावर वाळवू नका, चिकटतं. ताटलीत वाळवा. बीमधला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बियाणेवाल्यांचा आडाखा आहे, म्हणून खडखडीत वाळल्याशिवाय बरणी बंद करू नका. आणि पाकिटावर पीक, वाण, वर्ष आणि फूल बांधलं होतं की नाही, ते लिहा. माझ्याकडे ‘भोपळा – छान’ असं लिहिलेली तीन पाकिटं आहेत, आणि त्यातलं कुठलं बांधलेल्या फुलाचं ते मला आठवत नाही.