साधं की प्रीमियम? पेट्रोलच्या आकड्यामागची गोष्ट

घाट चढताना वरच्या गिअरवर जोर दिला की जुन्या फियाटच्या बॉनेटखालून टकटक ऐकू यायची. मेकॅनिक म्हणायचा, ‘नॉकिंग मारतेय’, आणि डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग, म्हणजे स्पार्कची ठिणगी पडायची वेळ, मागे घ्यायचा. साध्या आणि प्रीमियम पेट्रोलचा सगळा वाद या टकटकीतून निघाला. स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपणहून भडकलं, की हा आवाज येतो. असं भडकणं पेट्रोल किती टाळतं, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. पेट्रोलच्या ताकदीशी त्याचा संबंध नाही. पंपावर मात्र तो ताकद म्हणूनच विकला जातो.

या टकटकीवरचं पहिलं गाजलेलं औषध विषारी होतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला ९ डिसेंबर १९२१ रोजी आढळलं, की टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग चिमूटभर घातलं तरी नॉकिंग थांबतं. १९२३च्या फेब्रुवारीत डेटन शहरात ते पेट्रोल ‘एथिल’ या नावानं, साध्यापेक्षा चढ्या भावात विकायला आलं. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता, हे विशेष. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. तरीही पुढची पन्नासेक वर्षं जगभरच्या गाड्या शिशावरच धावल्या.

आपल्याकडे पेट्रोलच्या ऑक्टेनचे ८७ आणि ९३ असे दोन आकडे होते. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, कमी, त्यामुळे त्यांचं ८७वर भागायचं. शिसं गेलं ते पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं लावलेल्या रेट्यामुळे. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिशानं तो निकामी होतो, म्हणून सोबत अनलेडेड, म्हणजे शिसं नसलेलं, पेट्रोल आलं. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झालं. आता ऑक्टेन वाढवायचं काम रिफायनरीतल्या प्रक्रियांवर आलं. भारत स्टेज ३ या प्रदूषण-मानकात साध्या पेट्रोलचा किमान आकडा ९१ झाला. म्हणजे पद्मिनीच्या काळातल्या ‘भारी’ पेट्रोलच्या जवळपास आजचं साधं पेट्रोल पोचलं, पण त्याची जाहिरात कुणी केली नाही.

जाहिरात झाली ती ब्रँडेड पेट्रोलची. भारत पेट्रोलियमनं २००२ मध्ये ‘स्पीड’ आणलं, आणि बाकीच्या कंपन्याही त्या वाटेनं गेल्या. ‘स्पीड’मध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं होती, ऑक्टेन मात्र साध्याइतकाच. खरोखर वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल वेगळं: इंडियन ऑइलचं एक्सपी ९५, किंवा डिसेंबर २०२० मध्ये आलेलं, भावानं साध्याच्या जवळजवळ दुप्पट असलेलं एक्सपी १००. दोन्ही प्रकारांना लोक ‘प्रीमियम’च म्हणतात, आणि खरा घोळ इथेच आहे. शिवाय ब्रँडेड पेट्रोलवर अबकारी करही जास्त, म्हणजे जादा पैशातला काही भाग टाकीत न जाता थेट सरकारी तिजोरीत जातो.

मधल्या काळात ऊस आला. २००१ मध्ये उसापासून बनणारं इथेनॉल हे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे पहिले प्रयोग मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ झाले. आता मिश्रण २० टक्क्यांपर्यंत गेलंय. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर, पण त्यातली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. म्हणून आकडा चढतो आणि अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. प्रीमियम भरून ते परत मिळेल, या आशेवर पैसे घालणं मला तरी पटत नाही.

९१साठी बनवलेल्या, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेल्या घरगुती गाडीला ९५चा उपयोग जवळपास शून्य. टर्बो गाडीत नॉक सेन्सर टकटक सुरू होताच टायमिंग मागे घेतो. पूर्वी मेकॅनिक हातानं करायचा तेच काम, फक्त क्षणार्धात. इंजिन वाचतं, पिकअप थोडा पडतो. अशा गाडीच्या मॅन्युअलमध्ये ९५ लिहिलं असेल तर ९५ भरावं. आणि अमेरिकेतले नातेवाईक ‘आम्ही ८७ भरतो’ म्हणाले तर चकित होऊ नका: तिथे ऑक्टेनच्या दोन चाचण्यांची सरासरी छापतात, आपल्याकडे त्यातल्या एकीचाच, जास्त येणारा आकडा, त्यामुळे त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१.