दोन हजेरीपट, एक मूल

शाळांसाठी बनवलेलं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, रकाने ठरलेले असतात: इयत्ता, तुकडी, विषय, गुण. मदरशातल्या हिफ्जच्या, म्हणजे कुराण तोंडपाठ करण्याच्या वर्गात यातला एकही रकाना धड बसत नाही. तिथे कुराणाचे तीस पारे, म्हणजे भाग आहेत आणि प्रत्येक मुलाची चाल वेगळी. एक तिसऱ्या पाऱ्यावर, त्याच्या शेजारचा बाविसाव्यावर. उस्तादांच्या वहीत रोज तीन नोंदी होतात: आजचा नवा धडा म्हणजे सबक, गेल्या काही दिवसांची उजळणी म्हणजे सबकी, आणि जुन्या पाठांतराची फेरी म्हणजे मंजिल. वेदपाठशाळेचीही हीच तऱ्हा. संथा घेणारा, म्हणजे गुरूमागून म्हणत पाठ करणारा विद्यार्थी संहितेवरून पदावर, पदावरून क्रमावर अशा पठणाच्या पायऱ्या चढत जातो. त्याला ‘सहावी ब’ म्हणून काय उपयोग?

खानदेशात हा प्रश्न आज जास्त दिसतो तो नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यामुळे. सातपुड्याच्या पायथ्याच्या या आदिवासी तालुक्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केलं. पुढे त्याच संस्थेच्या छायेत शाळा, आयटीआय, बी.एड. अशी सरकारी अभ्यासक्रमाची दालनं उभी राहिली. वस्तानवी २०११ मध्ये काही महिने उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या दारुल उलूम या मोठ्या मदरशाचे मोहतमिम, म्हणजे प्रमुखही होते. हिफ्ज आणि दहावी एकाच आवारात आली की कार्यालयात दोन हजेरीपट आलेच.

पण वह्यांची शिस्त त्याहून बरीच जुनी. लखनौच्या फिरंगी महलमधल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने ओळखला जाणारा दर्स-ए-निजामी हा मदरशांचा अठराव्या शतकातला अभ्यासक्रम. देवबंदचं दारुल उलूम १८६६ मध्ये सुरू झालं. ते नवाबाच्या इनामावर न चालता लोकांच्या वर्गणीवर चाललं, त्यामुळे ठरलेला अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा आणि देणग्यांचा चोख हिशेब तिथे पहिल्यापासून आला. या हिशेबाला धर्माचाही काच आहे. जकातीचा, म्हणजे सक्तीच्या धार्मिक दानाचा पैसा गरजू विद्यार्थ्याच्या जेवणाखाणाला चालतो, इमारतीला किंवा शिक्षकाच्या पगाराला सहसा चालत नाही. त्यासाठी लिल्लाह, म्हणजे ऐच्छिक दान म्हणून आलेली देणगी वेगळी ठेवावी लागते. पावतीबुकात हेड चुकलं तर तो नुसता ऑडिटचा मुद्दा राहत नाही. मदरशांसाठीच्या सॉफ्टवेअरचं खरं काम मला इथे दिसतं, हजेरीत नव्हे.

दुसरी अडचण पंचांगाची. मदरशाचं वर्ष रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात उघडतं आणि रमजानआधीच्या शाबानमध्ये परीक्षा होऊन संपतं. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. शाळा मात्र जूनला चिकटलेली. तेहतीस वर्षांत शव्वाल सगळे ऋतू फिरून येतो. हा तिढा नवा नाही. चांद्रवर्ष पिकांशी जुळेना म्हणून मोगलांनी महसुलासाठी फसली, म्हणजे पिकांच्या हंगामाशी जुळणारा सन काढला आणि शाहजहानच्या काळात तो दख्खनमध्ये आला, ज्या काळात बऱ्हाणपूर, म्हणजे खानदेश सुभ्याचं ठाणं, हेच त्याच्या दख्खनच्या मोहिमांचं केंद्र होतं. सातबारावाल्यांनी चारशे वर्षांपूर्वी सोडवलेलं कोडं प्रोग्रामरसमोर पुन्हा आलंय. (आणि ‘दाखला’, ‘हजेरी’, ‘तारीख’, ‘रजा’ हे मराठी शाळेच्या कार्यालयातले शब्द तरी कुठून आले?)

सरकारचा हजेरीपट या गोष्टीत उशिरा शिरला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या. २०१३ मध्ये महाराष्ट्राने डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आणली: गणित, विज्ञान, समाजशास्त्र, भाषा शिकवायला शिक्षकांचं मानधन. डी.एड. शिक्षकाला ते ६,००० रुपये होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये १६,००० झालं, बी.एड.वाल्यांचं ८,००० वरून १८,०००. मानधन हवं तर कागद हवेत.

ठिणगी पडली ती २०१५ च्या जुलैत. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण ४ जुलैला होतं, आणि औपचारिक विषय न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरायची, असं राज्याने ठरवलं. तेव्हा अल्पसंख्याक विकास खातं एकनाथ खडसे यांच्याकडे होतं, म्हणजे आपल्या मुक्ताईनगरचेच. त्याच वर्षी ‘सरल’ ही राज्याची विद्यार्थी-नोंदणीची ऑनलाइन प्रणाली आली आणि प्रत्येक मुलाची नोंद ऑनलाइन मागितली जाऊ लागली. त्याआधीपासून शाळांना यू-डायस या देशभरच्या शाळा-माहितीप्रणालीचा अकरा आकडी क्रमांक होताच. वाद पेटला तो धर्म विरुद्ध विज्ञान असा. मुळात तो एका रकान्याचा होता. रोज पहाटेपासून पाठांतराला बसणाऱ्या मुलाला ‘शाळेत नाही’ म्हणणं अनेकांना अपमान वाटलं. दहावीचा कागद नसलेल्या पोराचं पुढे काय, हा उलटा प्रश्नही तितकाच खरा होता.

मधली वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. तिच्यामार्फत मदरशातली मुलं दहावीला बसू शकतात. धर्मपंडितांच्या जमियत उलमा-ए-हिंद या संघटनेने २०२१ पासून याच वाटेने जमियत ओपन स्कूल चालवलं आहे. पण तिथे नोंदणी क्रमांक तिसराच. याउलट इंडोनेशियात १९७५ मध्ये तीन मंत्र्यांच्या संयुक्त आदेशाने मदरशात सत्तर टक्के सामान्य विषय ठरले. अभ्यासक्रमच एक झाल्याने तिथल्या धर्मखात्याला आपल्या मदरशांची एकच माहितीप्रणाली चालवता आली. महाराष्ट्रात मदरसा बोर्डच नाही. म्हणून इथे जे सॉफ्टवेअर येतं त्याला दोन तारखा, दोन-तीन क्रमांक आणि देणगीची वेगवेगळी हेडं सांभाळावी लागतात.

यावल, रावेर, चोपड्याकडच्या तडवी कुटुंबांना याची झळ सगळ्यात आधी लागते. तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत आहेत आणि त्यांतले बरेच मुसलमान. मुलगा हाफिज, म्हणजे अख्खं कुराण पाठ असलेला होऊन घरी आला की गावात मान मिळतो, सनद भिंतीवर लागते. मग जातीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेलं की समोरचा माणूस शाळा सोडल्याचा दाखला मागतो आणि त्यावरचा जनरल रजिस्टर नंबर, म्हणजे शाळेच्या पटावरचा क्रमांक विचारतो.