मोनॅको
दक्षिण युरोपात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर वसलेले सार्वभौम संस्थान. व्हॅटिकननंतर जगातील सर्वांत लहान देश. क्षेत्रफळ सु. २.०८ चौ. किमी. (मुंबईतील धारावीही साधारण याच मापाची). लोकसंख्या सु. ३८ हजार; त्यांतील मोनॅकोचे नागरिक जेमतेम पाव हिस्सा, बाकीचे फ्रेंच, इटालियन, ब्रिटिश व इतर. तीन बाजूंना फ्रान्सचा आल्प-मारितीम हा विभाग, चौथ्या बाजूस समुद्र. पश्चिमेस नीस शहर सु. २० किमी.वर, पूर्वेस इटलीची सरहद्द सु. १५ किमी.वर. चलन यूरो. सरहद्दीवर तपासणी नसल्याने फ्रान्समध्ये आलेला प्रवासी रस्ता ओलांडता ओलांडता या देशात शिरतो. बहुतेक पर्यटक नीसला मुक्काम ठेवून अर्ध्या दिवसासाठी येतात.

देशाचे सर्वांत जुने अंग म्हणजे समुद्रात घुसलेला, सु. ६० मी. उंचीचा खडक. त्याच्या माथ्यावर राजवाडा, कॅथीड्रल आणि मोनॅको-व्हील ही जुनी वस्ती आहे. खडकाच्या आडोशाला नैसर्गिक बंदर लाभले. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुमारास मिलेटसचा ग्रीक भूगोलकार हेकाटीअस याने ‘मोनोइकोस’ या लिग्यूरियन (वायव्य इटलीच्या किनाऱ्यावरील प्राचीन लोकांच्या) वसाहतीची नोंद केली, तर पुढे भूगोलकार स्ट्रेबोने येथील हेराक्लीसच्या मंदिराचा उल्लेख केला आहे. बंदराला आजही हर्क्यूलीसचे नाव आहे. मात्र हे उल्लेख एकत्र जोडून नगराचा अखंड इतिहास प्राचीन काळापर्यंत नेण्याचा प्रघात घाईचा वाटतो. रोमन काळानंतरच्या कित्येक शतकांबद्दल फारच थोडे हाती लागते. निश्चित पुरावा मिळतो तो बाराव्या शतकाच्या अखेरीपासून : पवित्र रोमन सम्राट सहावा हेन्री याने ११९१ मध्ये हे ठिकाण इटलीतील जेनोआ या नगरराज्याला दिले आणि १० जून १२१५ रोजी जेनोआच्या गिबेलीन (सम्राटाच्या बाजूच्या) पक्षाने खडकावर किल्ल्याची पायाभरणी केली.

संस्थानाचा आरंभ सामान्यतः ८ जानेवारी १२९७ पासून मोजतात. जेनोआतून हद्दपार झालेल्या ग्वेल्फ (पोपच्या बाजूच्या) पक्षातील ग्रिमाल्दी घराण्यातील फ्रान्चेस्को, ऊर्फ ‘मालिझिया’ (धूर्त), याने फ्रान्सिस्कन भिक्षूच्या वेशात किल्ल्याचे दार उघडवून घेतले आणि आत शिरताच झग्याखालची तलवार उपसली, अशी कथा आहे. राजचिन्हात ढालीच्या दोन्ही बाजूंस तलवार उगारलेले दोन भिक्षू दिसतात ते यामुळेच. राजवाड्यासमोरच्या चौकात त्याचा पुतळा आहे : डोक्यावर भिक्षूची टोपी, अंगावर पायघोळ झगा आणि त्याआड तलवार. किल्ला त्या वर्षी ग्रिमाल्दींच्या हाती आला, याविषयी विशेष मतभेद नाही. वेशांतराचा तपशील मात्र परंपरेवर अधिक विसंबलेला दिसतो, आणि तो जपून वापरलेला बरा. शिवाय १३०१ मध्येच घराण्याला किल्ला सोडावा लागला; १३३१ मध्ये तो पहिल्या शार्लने परत मिळवला; १३५७ मध्ये पुन्हा गेला; १४१९ पासून मात्र ताबा टिकला. फ्रान्चेस्कोला वंश नव्हता. पुढचे घराणे त्याचा नातलग पहिला रेन्ये याच्याकडून चालत आले. पुरुषवंशही १७३१ मध्ये संपला. त्यानंतर लुईझ-हिपोलीत हिच्या नवऱ्याने ग्रिमाल्दी हे नाव घेऊन गादी चालवली. १९९७ मध्ये घराण्याच्या सत्तेची ७०० वर्षे साजरी झाली, तेव्हाच्या हिशोबात हे खंड धरलेले नव्हते.

सार्वभौमत्व कधी आले, याचेही उत्तर धरलेल्या कसोटीवर अवलंबून आहे. फ्रान्सचा राजा बारावा लुई याने १५१२ मध्ये मोनॅकोचे स्वातंत्र्य मान्य केले. १५२४ मध्ये संस्थान स्पेनच्या छत्राखाली गेले. दुसरा ओनोरे १६१२ पासून ‘प्रिन्स’ ही पदवी लावू लागला. १६४१ मध्ये पेरॉनच्या तहाने फ्रान्सचे संरक्षण आले. पदवीच्या वर्षाला निर्णायक मानणाऱ्यांची बाजू अधिक पटते. १७९३ मध्ये फ्रान्सने संस्थान खालसा केले व १८१४ मध्ये ते परत मिळाले. पुढे सार्डिनियाचे संरक्षण आले.

आजची श्रीमंती १८६१ नंतरची. मांतों व रोकब्रून ही गावे १८४८ मध्येच संस्थानातून फुटली होती. त्यांवरील हक्क २ फेब्रुवारी १८६१ च्या तहाने ४० लाख फ्रँकला फ्रान्सला विकले गेले. लिंबू-ऑलिव्हचे उत्पन्न देणारी, देशाची बहुतांश भूमी त्याबरोबर गेली आणि तिसऱ्या शार्लला दुसरी वाट शोधावी लागली. जुगारगृहाचा पहिला प्रयत्न १८५६ पासून रेंगाळत होता. १८६३ मध्ये फ्रान्स्वा ब्लां याने सूत्रे घेतल्यावर ‘सोसिएते दे बाँ द मेर’ ही कंपनी उभी राहिली. १८६६ मध्ये स्पेलुग टेकाडाला राजाच्या नावावरून माँटे कार्लो म्हटले जाऊ लागले. १८६८ मध्ये रेल्वे आली आणि १८६९ मध्ये रहिवाशांवरील प्रत्यक्ष कर माफ झाले. पॅरिसच्या ऑपेरागृहाचा वास्तुकार शार्ल गार्निए याचे नाट्यगृह १८७९ मध्ये कॅसिनोला जोडले गेले. मोनॅकोच्या नागरिकांना येथे जुगार खेळण्यास बंदी आहे. सरकारचे उत्पन्न कॅसिनोवर चालते, ही समजूत आता खरी नाही. त्यात मूल्यवर्धित कराचा वाटा सर्वांत मोठा आहे. करमाफीला अपवादही आहे : १९६२ मध्ये फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष द गोल याच्याशी झालेल्या वादानंतर १९६३ च्या करारान्वये येथे राहणाऱ्या फ्रेंच नागरिकांना फ्रान्सचा कर भरावा लागतो.

पाहण्यासारखे जे आहे ते पायी पाहता येते, चढण सोसत असेल तर. न सोसणाऱ्यांसाठी सार्वजनिक लिफ्ट व सरकते जिने आहेत. रेल्वेस्थानक १९९९ पासून डोंगराच्या पोटात असल्याने प्रथम बोगद्यातून बाहेर यावे लागते. बंदरालगतच्या ला काँदामीन या भागातील भाजीबाजारावरून खडकाकडे निघून राजवाड्यापाशी ११ वाजून ५५ मिनिटांनी होणारा पहारेबदल गाठावा. पहारेकऱ्यांचा पोशाख उन्हाळ्यात पांढरा, हिवाळ्यात काळा. चौकात चौदाव्या लुईने दिलेल्या तोफा आहेत. १८७५–१९०३ या काळात बांधलेल्या कॅथीड्रलमध्ये तिसरा रेन्ये (कार. १९४९–२००५) व त्याची पत्नी, पूर्वाश्रमीची अभिनेत्री ग्रेस केली (मृत्यू १९८२), यांच्या समाध्या आहेत, गर्दी तिच्याच समाधीशी असते.

सागरविज्ञान संग्रहालयाला मात्र घाईत उरकू नये. दर्शनी बाजू समुद्रावर सु. ८५ मी. कड्याला धरून उभी आहे. राजा पहिला आल्बेर याने ते १९१० मध्ये उघडले. त्याच्या जहाजावर १९०१ मध्ये शार्ल रिशे व पॉल पोर्टिए यांनी समुद्रातील विषारी फिझालिया या जीवाच्या विषावर काम केले. पुढे पॅरिसला समुद्रफुलाचे (सी ॲनिमोन या सागरी प्राण्याचे) विष कुत्र्यांना टोचताना असे दिसले, की पहिली मात्रा पचवलेला प्राणी काही आठवड्यांनंतरच्या अगदी थोड्या मात्रेने मरतो. ॲनाफिलॅक्सिस या तीव्र ॲलर्जीचा शोध तो हाच. रिशेला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. समुद्रसंशोधक जॅक कूस्टो १९५७–८८ या काळात संग्रहालयाचा संचालक होता.

मोनॅको ग्राँ प्री या मोटारशर्यतीचा मार्ग रोजच्या रस्त्यांवरूनच जातो. पहिली शर्यत १४ एप्रिल १९२९ रोजी झाली. आजचा मार्ग ३.३३७ किमी.चा, फेऱ्या ७८. पहिल्या वळणाशी संत देवोत हिचे चर्च आहे. २६ जानेवारीच्या रात्री तिच्या सन्मानार्थ होडी जाळतात. पश्चिमेचा फाँव्हिएय हा भाग १९७० च्या दशकात समुद्र हटवून केलेल्या सु. २२ हेक्टर भरावावर वसला आहे. २०२४ मध्ये पूर्वेला मारेटेरा या नावाने आणखी ६ हेक्टरची भर पडली.

येथे नोकरी करणारे रहिवाशांहून अधिक आहेत व बहुतेक संध्याकाळी फ्रान्स वा इटलीत घरी परततात. राजभाषा फ्रेंच, मोनेगास्क ही लिग्यूरियनची बोली शाळांत शिकवली जाते, जुन्या वस्तीतील रस्त्यांच्या पाट्यांवरही दिसते. भारतीय प्रवाशास शेंगेन व्हिसा पुरतो. वेळ उरल्यास वरच्या डोंगरावरील, फ्रान्सच्या हद्दीतील ला तुर्बी येथील ऑगस्टसचे विजयस्मारक पाहावे. त्यावर आल्प्समधल्या जिंकलेल्या जमातींची नावे कोरलेली आहेत, आणि तेथून सारा मोनॅको एका नजरेत येतो.