स्टिअरिंगचा दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला?

डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला, बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने टॉर्क सेन्सरचा (स्टिअरिंगवर किती जोर लावलाय ते मोजणारा सेन्सर) कोड दाखवला की सेन्सरच गेला, बदला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. कोड फक्त कोणत्या सर्किटचा सिग्नल बिघडलाय ते सांगतो. त्या सर्किटमध्ये वायर, कनेक्टर, अर्थिंग आणि कंट्रोल युनिट, म्हणजे स्टिअरिंग सांभाळणारा छोटा संगणक, हेही येतं.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर जोरात वळवताना कित्येक अँपिअर करंट ओढते. बॅटरी अशक्त असेल तर नेमकं तेव्हाच व्होल्टेज कोसळतं आणि दिवा लागतो. म्हणून आधी बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५. मग अर्थिंग. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग वळवायला सांगा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक व कंट्रोल युनिटची अर्थ वायर यांच्यात मीटर लावा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर आधी तो जोड साफ करा. कनेक्टर उघडून पिनांवरचा हिरवट गंजही बघाच, तो हमखास नजरेतून सुटतो.

हे सगळं ठीक निघालं तरच सेन्सरकडे वळा. बऱ्याच गाड्यांत त्याचे दोन सिग्नल असतात. स्टिअरिंग हळूहळू वळवताना एक वाढतो, दुसरा तेवढाच उतरतो. मध्येच उडी दिसली, तर संशय रास्त आहे. पण बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर सुटा मिळतच नाही, अख्खा कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) किंवा रॅक (चाकं वळवणारा भाग) बदलावा लागतो. एवढा खर्च निव्वळ कोडच्या भरवशावर करू नका.